भग्न पायावर भार किती? वजनकाट्याद्वारे रुग्णशिक्षण

सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय येथे पायाच्या अस्थिभग्नावर उपचार झालेले आर्वी, कारंजा, समुद्रपूर भागांतील रुग्ण पुढे लाक्षादि गुग्गुळ, हाडजोड किंवा तैलासाठी आपल्याकडे येतात. औषध घेता घेता ते हमखास विचारतात, “पाय आता किती टेकवू?” शल्यचिकित्सकाने चिठ्ठीवर ‘२० किलो भार’ असे लिहिलेले असते. धान्याचे पोते उचलणाऱ्या शेतकऱ्याच्या हातांना वीस किलो म्हणजे किती ते कळते. तळपायाला मात्र ते शिकवावे लागते.

भार क्रमाने वाढवावा, हे तत्त्व आपणांस नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसऱ्या अध्यायात हस्ततलाच्या भग्नात प्रथम मातीचा गोळा, नंतर लवण आणि हातात बळ आल्यावर पाषाण धरण्यास सांगितले आहे. पादतलाच्या भग्नात मात्र व्यायाम वर्ज्य केला आहे. संधानास पहिल्या वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उत्तर वयात तिप्पट काल सांगितला आहे. पायाच्या बाबतीत मातीच्या गोळ्याचे काम आज साधा वजनकाटा करू शकतो.

काट्याशेजारी त्याच्याच उंचीची फळी किंवा पाट ठेवावा. वॉकर धरून रुग्णाने निरोगी पाय फळीवर व भग्न पाय काट्यावर ठेवावा. उरलेला भार हातांवर घेत, काटा सांगितलेल्या आकड्यावर येईपर्यंतच हळूहळू दाब द्यावा. काही वेळा काट्याकडे पाहून झाल्यावर समोर पाहत तोच दाब देण्यास सांगावे आणि आकडा आपण वाचावा. ‘केवळ पाय टेकवा’ असा आदेश असल्यास टाचेखाली पापड आहे व तो मोडू द्यायचा नाही, असे सांगितले की आमच्या अनुभवाने रुग्णास चटकन उमगते.

काट्यावर स्थिर उभे राहून साधलेले प्रमाण चालताना टिकतेच असे नाही. चालताना रुग्ण बहुधा अधिक भार देतात आणि काही दिवसांत शिकलेलेही विसरतात, म्हणून प्रत्येक भेटीत सराव घ्यावा. प्रथम वॉकर, मग भग्न पाय, हातांवर भार घेऊन शेवटी निरोगी पाय, हा क्रम घरच्यांनाही दाखवावा. आपल्याकडील काळ्या मातीत पावसाळ्यात वॉकरचे पाय रुततात. तेव्हा सराव ओसरीवरच करावा. वेदना नाही म्हणून भार वाढवणे धोक्याचे आहे. वेदनाशामकाने, तसेच मधुमेहात संवेदना मंदावल्याने, हा इशाराच नाहीसा होतो.

भाराचे प्रमाण ठरविण्याचा अधिकार शल्यचिकित्सकाचाच. नळीच्या हाडात सळई बसविलेल्या काहींना लवकर पूर्ण भार देता येतो. गुडघ्याच्या सांध्यापर्यंत गेलेल्या भग्नात बहुधा अनेक आठवडे थांबावे लागते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना पुष्कळदा लगेच पूर्ण भार देऊन चालवितात, कारण मोजका भार सांभाळणे त्यांना जमत नाही. शेजारी चालू लागला म्हणून आपणही चालावे, हा गावातला हिशेब येथे चालत नाही. पोटरीस नवी सूज, ताप, पायाचा आकार बदलणे किंवा वेदना अचानक वाढणे यांपैकी काही दिसल्यास तैल देत न बसता रुग्णास त्वरित परत पाठवावे.

औषधी दुकानदारांनी गल्ल्याजवळच्या वजनकाट्याशेजारी एक समान उंचीची फळी ठेवली, तर हा सराव दुकानातही होऊ शकेल. मात्र काटा भिंतीलगत, न हलणाऱ्या सपाट फरशीवर असावा आणि रुग्णामागे कोणीतरी उभे असावे.