नडगी काय सांगते?

लखनौला उन्हाची वानवा नाही. मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. तरीही तिथल्या क्वीन मेरी रुग्णालयात २०७ गरोदर स्त्रियांचं रक्त तपासलं, तेव्हा ८४ टक्के जणींमध्ये ड जीवनसत्त्व कमी निघालं. संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेच्या संशोधकांचा हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात शहरातल्या बायका होत्या, तशा खेड्यातल्याही. नाळेच्या रक्तातही तीच तूट. आईकडेच नाही, तर बाळाला कुठून मिळणार?

कातडीत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण काचेतून आत येत नाहीत. जानेवारीत धुकं त्यांना अडवतं. जुन्या लखनौत चिकनकारीचं काम बायका घरात बसूनच करतात. त्यांच्या अंगावर दुपारचं ऊन पडणार किती?

ही कमतरता पुष्कळदा गुपचूप असते. वाढली, की आधी मांड्या आणि खुब्यांचे स्नायू कुरकुरतात. जमिनीवर मांडी घालून बसलेली बाई उठताना गुडघ्यावर हात टेकते, जिना चढताना कठडा धरते. कंबर दुखते, बरगड्या दुखतात. फारच वाढलं तर चाल बदकासारखी डुलायला लागते. घरचे म्हणतात, वात आहे, वय झालं. पण वातात बहुधा सांधे दुखतात. इथे हाड दुखतं. नडगीवर अंगठ्याने दाबलं की कळ येते. अर्थात कळ आली म्हणजे निदान झालं असं नाही, रक्ततपासणी हवीच. मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली आकडा आला, तर सहसा कमतरता धरतात.

लहान मुलांत खुणा डोळ्यांना दिसतात: टाळू उशिरा भरते, मनगटं रुंदावतात, चालायला लागल्यावर पाय धनुकलीसारखे वाकतात. हाच मुडदूस. तान्ह्या बाळाला मात्र कॅल्शियम उतरून थेट झटकेही येऊ शकतात. तेव्हा वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

आणि ड जीवनसत्त्वाची ती ६०,००० युनिटची पुडी! डॉक्टरांनी आठवड्याला एक, अशी ठरावीक आठवडे लिहून दिलेली असते. बरं वाटलं म्हणून लोक ती वर्षभर दुकानातून आणत राहतात, शेजारणीलाही देतात. जादा ड शरीराबाहेर सहज पडत नाही. रक्तात कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान सुरू झाली, तर आजवर किती पुड्या घेतल्या ते डॉक्टरांना आधी सांगावं.