डोळ्यामागची चुकलेली वाट

डोळा लाल झाला की “डोळे आले” म्हणून आपण औषधाचे थेंब घालून स्वस्थ बसतो. परंतु लाली हटत नसेल, डोळा पुढे आला असेल, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील आणि नाडीच्या ठेक्यावर कानात सूंसूं आवाज येत असेल, तर दोष डोळ्यामागे असू शकतो.

तेथे मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी एका नीलाकोशातून जाते. डोक्यास मार लागून ती फाटली, तर जोराचे रक्त कोशात शिरून उलटे डोळ्याकडे लोटते. उतारवयात, विशेषतः स्त्रियांत, असे सूक्ष्म जोड मार न लागताही उद्भवतात.

१८०९ साली लंडनमध्ये बेंजामिन ट्रॅव्हर्स यांनी अशा एका स्त्रीच्या मानेतील रोहिणीच बांधून टाकली. १९७४ साली मॉस्कोच्या सर्बिनेन्को यांनी रक्तवाहिनीतून चिमुकला फुगा नेण्याची रीत प्रसिद्ध केली. आज बहुधा जांघेतून बारीक नळी नेऊन प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरतात. कवटी उघडावी लागत नाही. काही सौम्य जोड आपोआप मिटतात. पण तो निर्णय तज्ज्ञांचा.

विलंबाने दृष्टी जाऊ शकते. घरातील वृद्ध माता कानातला आवाज वयावर घालून गप्प राहतात. त्यांना आपणच विचारावे व डॉक्टरांस आवर्जून सांगावे.