गर्भाचा नियम वेगळा

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. शरीराबाहेर, बशीत वाढणारा गर्भ तेव्हा महाराष्ट्रात घरोघरी चर्चेचा विषय झाला. सूक्ष्मदर्शकाखाली एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होताना दिसतात. गुणसूत्रांच्या टोकांवर चाललेली धडपड मात्र दिसत नाही.

या टोकांना टेलोमिअर म्हणतात. माणसात तिथे टीटीएजीजीजी हा सहा अक्षरांचा क्रम पुन्हा पुन्हा येतो. पेशी विभागली की टोक थोडं झिजतं. शिवाय उघडं टोक पेशीला तुटलेला डीएनए वाटतं आणि ती दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडून टाकते. शेतकरी दावं वळून झालं की शेवटी गाठ मारतो, नाहीतर पीळ सुटतो. पेशीत हे काम शेल्टरिन हा सहा प्रथिनांचा गट करतो. त्यातलं टीआरएफ-२ टोक मागे वळवून त्याचा फास करतं. शरीराच्या साध्या पेशींतून ते काढलं की गुणसूत्रं टोकाला टोक चिकटतात.

म्हणून टीआरएफ-२ शिवाय पेशी तगणारच नाही, असं मानलं जाई. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या दोन शोधनिबंधांनी ही समजूत मोडली. उंदराच्या भ्रूणातल्या मूलपेशी या प्रथिनाविना वाढत राहिल्या. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटच्या गटाला तर त्यांच्यात फासही शाबूत दिसला. त्याच पेशी निरनिराळ्या ऊतींकडे वळू लागल्या की मात्र टीआरएफ-२ अनिवार्य ठरतं.

याचा अर्थ गर्भाला शेल्टरिन नकोच, असा नाही. त्याच गटातलं टीआरएफ-१ नसेल, तर उंदराचा गर्भ पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास मरतो. झीज भरून काढण्याची रीतही गर्भाची स्वतःची आहे. उंदरात पहिल्या काही विभाजनांत डीएनएच्या देवाणघेवाणीतून टोकं लांबतात. टोकं वाढवणारं टेलोमरेज हे विकर नंतर, गर्भ रुजण्याच्या सुमारास, जोमाने कामाला लागतं.

हे निष्कर्ष उंदरांवरचे आहेत. माणसाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण प्रौढ पेशीचा नियम गर्भाला लागू होतोच असं नाही, एवढं त्यांतून पक्कं कळतं. त्यामुळे टेलोमिअर वाढवून गर्भ सुदृढ करण्याच्या गोळ्या कुणी विकू लागलं, तर पैसे काढण्याआधी मानवी गर्भावरचा पुरावा मागावा.