बांधावरची माजलेली झाडे व त्यांचे बुडखे : हातविंचाने काढण्याची रीत

कुंपण म्हणून बांधावर लावलेली अथवा आपोआप उगवलेली बाभूळ, सुबाभूळ व वेडी बाभूळ यांची वेळच्या वेळी छाटणी झाली नाही, म्हणजे दहा-बारा वर्षांत कुंपणाचे रान होते. सावली आणि मुळे या दोहोंचा जाच पिकास होऊन बांधालगतच्या ज्वारीच्या ओळी खुरट्या राहतात. शेतकरी दोन-तीन वर्षांनी कुऱ्हाड चालवितो. पण तेवढ्याने सुटका होत नाही. सुबाभूळ तोडली की बुडख्यावर धुमारे फुटतात, आणि वेडी बाभूळ तर जमिनीखाली दडलेल्या मुळाच्या माथ्यावरील डोळ्यांतून पुन्हा वर येते. एका खोडाच्या जागी काटेरी फोकांचे जाळे उभे राहते. तेव्हा मुळाच्या माथ्यासह बुडखा निघाला, तरच काम झाले असे समजावे.

खोदाईचे मोठे यंत्र भाड्याने मिळते, हे खरे. परंतु उभ्या पिकांतून ते बांधापर्यंत नेता येत नाही, ओलसर काळ्या जमिनीत ते रुतते, आणि बुडख्याबरोबर बांधाचाही लचका तोडते. दहा-वीस बुडखे काढावयाचे असणाऱ्या लहान शेतकऱ्यास हातविंच अधिक सोयीचा पडतो. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक विंच घेतला, तर खर्चाचा भारही वाटला जातो.

हातविंचाचे बळ दांड्यात असते. दांड्याचे धरावयाचे टोक टेकूपासून १२० सेंटिमीटरवर आणि दोर ओढणारा भाग ५ सेंटिमीटरवर असेल, तर हाताचा जोर २४ पट होतो. गड्याने २० किलो जोर लावला तर हिशेबाने ४८० किलो ओढ मिळते; घर्षणात काही भाग जातो, तो वजा धरावा. दोर बुडख्याला बांधलेल्या कप्पीतून फिरवून परत विंचाकडील आधाराला अडकविला, तर बुडख्यावरील ओढ जवळजवळ दुप्पट होते. मात्र झाड निम्म्या गतीने हलते.

काम सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली कायद्याची. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीतील आंबा, चिंच, जांभूळ, खैर, अंजन, साग, मोह आदी झाडे स्वतःच्या शेतातली असली, तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. सामाईक बांधावरील झाडावर दोघांचाही हक्क असतो, आणि बुडख्याबरोबर हद्दीचा दगड हलला तर पुढची पिढीही त्याच बांधावर भांडत बसते. शेजाऱ्यास बोलावून, दोन पंचांसमक्ष दगडाच्या जागेचे अंतर मोजून, कागदावर लिहून सह्या घ्याव्यात. हे पाऊण तासाचे काम टाळू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी विंच दाखविण्याआधी हे दाखवावे.

हंगाम कोणता? खरिपाचे पीक निघून गेल्यावर, जमिनीत वाफसा असताना. उन्हाळ्यात काळी जमीन विटेसारखी कडक होते व मुळे घट्ट धरून ठेवते; भर पावसात विंचाचा आधारच उपटून येतो.

आता मुख्य रीत. येथे बहुतेक जण चुकतात ते असे, की झाड जमिनीलगत तोडून टाकतात आणि मग उरलेल्या वीतभर बुडख्याशी झुंजत बसतात. झाडाचा शेंडा व फांद्या प्रथम उतरवाव्यात, परंतु खोड दीड ते दोन मीटर उंच राखावे. हे खोड म्हणजे आयती पहार होय. दोर ३० सेंटिमीटर उंचीवर बांधण्याऐवजी १५० सेंटिमीटरवर बांधला, तर तितक्याच ओढीने बुडखा उलथविण्याचा जोर पाचपट होतो. नंतर टिकाव-कुदळीने भोवती हातभर खोल चर खणावा आणि दिसतील ती आडवी मुळे तोडावीत. ओढीच्या उलट बाजूची मुळे आधी. माती चिकटलेल्या मुळावर कुऱ्हाडीची धार बसते, म्हणून मुळे झाडून घ्यावीत.

विंचाचा आधार बुडख्याहून बळकट हवा. जिवंत झाडाचा आधार घेतल्यास साखळी जमिनीलगत बांधावी व सालीखाली गोणपाट द्यावे. झाड नसेल तर मीटरभर खोल चर खणून, ओढीस आडवा असा जाड ओंडका पुरावा आणि त्याची साखळी तिरक्या चरातून वर आणावी. मग सावकाश ओढावे. दोर ताठ झाला, पण बुडखा हलत नाही, असे दिसल्यास जोर वाढवू नये; दोर सैल सोडून पुन्हा खणावे, कोठे तरी एखादे मूळ अडलेले असते. दांड्याला नळी जोडून लांबी वाढविणे हा तर अपघातालाच दिलेला आवतण होय. काही विंचांत जादा ताण येताच तुटणारी खीळ मुद्दाम बसविलेली असते. ती तुटली म्हणजे विंचाने सूचना दिली. तिच्या जागी साधा लोखंडी खिळा ठोकणाऱ्या गड्यास कामावरून दूर करावे, इतके हे गंभीर आहे.

ताणलेला तारेचा दोर तुटला, तर चाबकासारखा फिरतो आणि हाडे मोडतो. म्हणून दोराच्या रेषेत व कप्पीच्या कोनात कोणी उभे राहू नये, दोर ओलांडू नये, मुले व जनावरे दूर ठेवावीत. मध्यावर ओले पोते टाकून ठेवल्यास दोराची उसळी कमी होते. तारा तुटून वर आलेला दोर वापरू नये; हातांत कातडी मोजे घालावेत. वरून विजेच्या तारा गेल्या असतील, तर फांदी उतरविण्यापूर्वीच वीज कर्मचाऱ्यास बोलवावे.

बांधावरची सर्वच झाडे काढू नयेत. बाभळीच्या शेंगा शेळ्यांना, लाकूड औतांना आणि सावली गुरांना लागतेच. अडचणीची तेवढीच काढावीत.

बुडखा निघालेला खड्डा त्याच आठवड्यात भरावा. वीत-वीत जाडीचे थर देऊन प्रत्येक थर धुम्मसने ठोकावा व माथा बांधाहून किंचित उंच ठेवावा, कारण भरावाची माती खचते. नुसती सैल माती लोटली, तर पहिल्याच मोठ्या पावसात बांध तेथे फुटतो. भराव बसल्यावर मृगाच्या पावसाबरोबर त्यावर वाळ्याची किंवा मारवेल गवताची ठोंबे लावावीत.