वाट अडवली? सहा महिने लक्षात ठेवा
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यांना आखीव रस्ते आहेत. पण शेतात जायचं म्हटलं की बहुतेकांना शेजाऱ्याचा बांधच. एखाद्या सकाळी चाकोरीवर बाभळीच्या काट्या पडलेल्या दिसतात आणि बैलगाडी जागच्या जागी थांबते.

भांडत बसू नका, तहसीलदारांकडे जा. वहिवाटीची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आहे. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज हवा. ही मुदत समजुतीच्या बैठकांतच निघून जाते, याचं फार वाईट वाटतं.

वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. अर्जाला कच्चा नकाशा आणि सातबारा जोडा.