पन्नासाव्या नगाच्या आत

सुरतच्या रिंग रोडवरचा एक साडीव्यापारी म्हणाला, "आमचंच डिझाइन दुबईत दुसऱ्याच्या लेबलखाली विकलं जातंय." ते डिझाइन तयार होतं तरी कसं, हे पाहायला मी लिंबायत गाठलं.

इथली कितीतरी घरं खानदेशातून आलेली. गल्लीत अहिराणी कानावर पडते, ओट्यांवर बायका धागा कटिंग करत असतात. एम्ब्रॉयडरीच्या एका कारखान्यात मशीनच्या तेलाचा वास भरला होता. कोपऱ्यात अमळनेरकडचा एक तरुण संगणकावर पंचिंग, म्हणजे मशीनसाठी टाक्यांची आखणी, करत होता. पडद्यावर एक कोयरी. तिच्या टोकाशी टाके दाट झाले की कापड आकसतं, म्हणून तो एकेक टाका आखूड करायचा, दिशा बदलायचा, नमुना काढून बोटाने चाचपायचा आणि पुन्हा बसायचा. एवढ्याशा टोकावर त्याची अर्धी दुपार गेली.

मग फाइल पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्ह मशीनला. मशीनला चोवीस हेड; एका फेरीत चोवीस कोयऱ्या.

"पन्नास लक्षात ठेवा, भाऊ," मालकांचे सल्लागार म्हणाले. कॉपीराइट कायद्याच्या 15व्या कलमानुसार, नोंदणीयोग्य असूनही न नोंदवलेल्या डिझाइनच्या पन्नासहून जास्त प्रती कारखान्यात निघाल्या, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. पन्नास! या मशीनच्या तिसऱ्याच फेरीत तो आकडा मागे पडतो.

डिझाइनची नोंदणी महाग नाही. छोट्या उद्योगाला अर्जाचे 1,000 रुपये लागतात. संरक्षण 10 वर्षांचं, पुढे आणखी 5 वाढवता येतं. पण ते भारतापुरतं. परदेशात तिथला वेगळा अर्ज हवा. औद्योगिक मालमत्तेच्या पॅरिस करारामुळे इथल्या अर्जानंतर 6 महिन्यांत तो केला, तर पहिली तारीख धरली जाते. ब्रँडच्या नावासाठी 2013 पासून माद्रिद पद्धतीने एका अर्जात अनेक देशांत संरक्षण मागता येतं.

आणि सरकारची मदत? लघुउद्योगांसाठीच्या 2022 च्या केंद्रीय योजनेत परदेशी पेटंटसाठी 5 लाखांपर्यंत परतफेड आहे. डिझाइनला 15,000, ट्रेडमार्कला 10,000. ही तरतूद मला अपुरी वाटते. लिंबायतच्या हातात पेटंट नाही, कोयरी आहे. साडी परदेशी जाते तेव्हा तिची किंमत त्या टोकावरच्या टाक्यांत असते. परदेशातल्या डिझाइन-नोंदणीलाही पेटंटइतकाच भक्कम आधार मिळायला हवा.

त्याआधी मराठी-गुजरातीत बोलणारा मदत कक्ष याच वस्तीत हवा. नमुन्याचा फोटो व्हॉट्सॲपवर दुबईला जाण्याआधी अर्ज भरून देणारं माणूस तिथे बसलेलं असावं. डिझाइन एकदा जगजाहीर झालं, की त्याची नवलाई कायद्याच्या लेखी संपते. मग मदतीचे लाखो रुपयेही ती परत आणू शकत नाहीत. जे करायचं ते पन्नासाच्या आत.