एकोणीस गायी

दिवाळीत पुण्याहून नात आली, तिनं येताना माझ्यासाठी एक इंग्रजी कादंबरी आणली. "आजी, वाच. मास्तरणीला आवडेल असं आहे." आमच्या नगरच्या घरी (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तोंडातून अजून नगरच येतं) दुपारचं ऊन व्हरांड्यात येतं. तिथं बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. मी जन्मभर मराठी शिकवलं, इंग्रजीची सवय नाही. पण हे इंग्रजी सोपं निघालं. वाक्यं लहान. दिसलं ते सांगायचं, बस्स.

'द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' हे तिचं लांबलचक नाव. लेखक मार्क हॅडन, साल २००३. गोष्ट सांगणारा ख्रिस्तोफर इंग्लंडमधल्या स्विंडनचा, पंधरा वर्षांचा. शेजारणीचा कुत्रा रात्री मरून पडलेला त्याला दिसतो आणि शेरलॉक होम्ससारखा तो मारेकऱ्याचा शोध घ्यायचं ठरवतो. शोधता शोधता स्वतःच्याच घरातलं एक खोटं त्याच्या हाती लागतं. ते कोणतं, हे सांगून वाचणाऱ्यांचा विरस करत नाही. प्रकरणांचे आकडे २, ३, ५, ७, ११ असे. मूळ संख्या त्याला आवडतात म्हणून.

आमची पिढी 'श्यामची आई'वर वाढली. श्याम रडतो, आपणही रडतो. हा मुलगा तसं काही करू देत नाही. आयुष्यातला सर्वांत मोठा धक्का बसतो तेव्हा त्याला ओकारी होते, तो पडून राहतो, आणि तेवढंच सांगतो. बाकीचं आपण ओळखायचं. पहिली पन्नास पानं मला तो कोरडाच वाटला.

मग त्याच्या शाळेतल्या शिव्हॉनबाई आल्या, आणि माझं वाचन अडखळलं. ख्रिस्तोफर म्हणतो, लोक 'गप्प बस' म्हणतात, पण किती वेळ ते सांगत नाहीत. या बाई मात्र काय करायचं नाही ते नेमकं सांगतात.

मी पुस्तक मिटलं. १९८८ साली मी राहुरी तालुक्यातल्या एका शाळेत सहावीला शिकवत होते. वर्गात एक मुलगा होता, खिडकीशी बसायचा. शिपाई घंटेचा टोल द्यायला निघाला की हा आधीच कानांवर हात ठेवायचा. मला तो चावटपणा वाटे. बोलताना कधी नजरेला नजर देत नसे. गळीत हंगामात रस्त्यानं उसाच्या गाड्या जात, त्या मोजायचा, तेही मोठ्यानं. एकदा वैतागून म्हटलं, "आता एक शब्दही बोलायचा नाही!" दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरी घेतली, तर हा गप्प. तीनदा नाव घेतलं, गप्पच. मी छडी मारली. हातावर, दोन. तो रडला नाही, म्हणून तिसरी.

तो फक्त माझं ऐकत होता. हे कळायला मला सदतीस वर्षं आणि एक परदेशी कादंबरी लागली.

त्याच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला होता: 'स्वतःतच मग्न असतो.' योगायोग पाहा, ऑटिझमला मराठीत शब्द आहे तो 'स्वमग्नता'. मूळ शब्दही तसाच, ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः' यावरून आलेला. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांचं वर्णन करून ही अवस्था जगापुढे मांडली. आमच्या शाळेपर्यंत ते आलं नव्हतं. अपंगांसाठीच्या १९९५च्या कायद्याच्या यादीतही ऑटिझम नव्हता. त्याचं नाव १९९९च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात आलं आणि पुढे २०१६च्या कायद्यात. पण छडी न मारण्यासाठी कायदा कशाला लागत होता?

आता मला तो शब्दच खटकतो. कादंबरीत ख्रिस्तोफर सांगतो की, शेताकडे पाहताना लोकांना गवत दिसतं, काही गायी दिसतात, की झालं. त्याला गायी दिसतात एकोणीस: पंधरा काळ्यापांढऱ्या, चार तपकिरी-पांढऱ्या. शिवाय कुंपण, घरं, चढउतार, सगळंच. म्हणूनच गर्दीत, स्टेशनवर त्याचा जीव घाबरा होतो. एवढं सगळं एकदम आत येतं. हा मुलगा स्वतःत मग्न कुठं आहे? मग्न तर आपण असतो, गाईकडे बघत घरचे हिशेब करणारे.

गायींवरून नातीनं टेंपल ग्रँडिन यांच्याबद्दल सांगितलं. १९४७चा जन्म, स्वतः ऑटिस्टिक, अमेरिकेत पशुविज्ञानाच्या प्राध्यापक. जनावर वाटेत का अडतं, तर एखादी सावली, लोंबणारी साखळी त्याला दिसते म्हणून, हे त्यांनी दाखवलं आणि गोठ्यांची रचना बदलली. आमच्या दुधाच्या जिल्ह्यात हे कुणालाही पटेल.

हॅडन स्वतः ऑटिस्टिक नाहीत आणि आपण या विषयाचे जाणकार असल्याचा दावाही करत नाहीत. मुलाच्या अवस्थेचं नावही कादंबरीच्या मजकुरात येत नाही. सगळी मुलं अशी गणितात हुशार नसतात. कित्येक बोलतही नाहीत. अशा मुलाच्या आईनं हे पुस्तक वाचून 'आमचा असा नाही' म्हटलं, तर ती बरोबरच असेल.

माझ्या त्या विद्यार्थ्याची आई एकदा शाळेत आली होती. पदर सावरत दाराशीच उभी राहिली. "बाई, घरी आल्यावर समदं सांगतो तो. फळ्यावर काय लिवलं, तुमचं लुगडं कंच्या रंगाचं." मला ते खरं वाटलं नाही. आठवीत त्याची शाळा सुटली.

मागच्या आठवड्यात माळीवाड्याच्या स्टँडवर त्याच्या गावचे एक गृहस्थ भेटले. मी विचारलं. आहे, म्हणाले, भावाजवळ असतो, जनावरांचं बघतो. मी माझं नाव सांगितलं, म्हटलं, बाईंनी विचारलंय म्हणून सांगा.

"सांगतो की," ते म्हणाले. "पण तो बोलत न्हाई फारसा."